बारच्या भिंतीवरचं केळीचं पान आलं कुठून?

गडद हिरवी, एकमेकांवर आलेली मोठाली पानं, मधली शीर पिवळसर, पुढ्यात वेताच्या खुर्च्या आणि वर पितळी दिवे. मायामी असो, गोवा असो की पुण्यातला नवा कॉकटेल बार, ‘ट्रॉपिकल’ वातावरण हवं असेल तर मालक पहिल्यांदा केळीच्या पानांचा वॉलपेपर मागवतो. आता जिल्ह्याच्या गावांतल्या परमिट रूमपर्यंत हा छाप पोचला आहे. तो कधी कागदाचा, कधी व्हिनाइलचा, कधी थेट भिंतीवर रंगवलेला. पान मात्र तेच.

या पानाचं मूळ कुठलं, याची उत्तरं अनेक दिली जातात. कुणी हवाईचं नाव घेतं, कुणी क्युबाचं, कुणी ब्राझीलचं. ‘हे तर आपलंच, पूर्वापार मांडवातलं’ असंही सहज म्हटलं जातं. बऱ्हाणपूरकरांना या प्रश्नात रस असायला दुहेरी कारण आहे. ताप्तीकाठचा हा जिल्हा मध्य प्रदेशातलं केळीचं आगार. इथल्या बाजार समितीतल्या केळीच्या लिलावाकडे शेजारच्या रावेर-यावलचे शेतकरीही लक्ष ठेवून असतात. शिवाय हे कापडाचं गाव आहे. नक्षी म्हणजे काय आणि ती कशी प्रवास करते, हे इथल्या गल्ल्यांना चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून या सगळ्या उत्तरांचा एकदा नीट आढावा घ्यावा आणि कोणतं उत्तर कुठवर टिकतं ते तपासावं, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी पान ओळखू या

मुळात भिंतीवरचं पान केळीचंच आहे का, हे बघणं भाग आहे. ‘केळीची पानं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच छापांत केळ नसतेच. पानाला मोठी भोकं आणि खोल खाचा असतील तर तो मॉन्स्टेरा; तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातला वेल. पानं पंख्यासारखी एकाच पातळीत, डावी-उजवीकडे पसरलेली असतील तर ते मादागास्करचं रावेनाला, ज्याला बागवाले ट्रॅव्हलर्स पाम म्हणतात. केळीची पानं खोडाभोवती फिरत, सर्व दिशांना निघतात. हेलिकोनिया आणि बर्ड ऑफ पॅरडाइज ही केळीची लांबची नातलगं, त्यांची पानंही या गर्दीत मिसळलेली असतात.

खरं केळीचं पान शेतात उभं राहून बघावं. पान दोन-अडीच मीटर लांब, मध्ये जाड दांडा, आणि त्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर गेलेल्या बारीक शिरा. कडेला या शिरांना बांधून ठेवणारी बळकट आडवी शीर नसते. त्यामुळे वारा आला की पान शिरांच्या मधून फाटतं आणि त्याच्या पट्ट्या होतात. या फाटण्यात केळीचा बचाव आहे. पट्ट्यांमधून वारा निघून जातो, झाडावरचा ताण कमी होतो. पट्ट्या अरुंद असल्यामुळे उन्हाच्या तडाख्यात त्या अखंड पानापेक्षा कमी तापतात. केळीचं ‘खोड’ म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक बसलेली आवरणं. आत लाकूड नाही. अशा झाडाने मे महिन्यातल्या वादळात अखंड पानं धरून ठेवली तर ते मोडून पडायला वेळ लागणार नाही. तरीही बागा आडव्या होतातच, म्हणून तर खानदेशात बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावून वारा अडवतात.

आता पुन्हा भिंतीकडे बघा. बहुतेक छापांत पान अखंड आणि तुकतुकीत. चीर दाखवलीच तर शोभेपुरती, मोजून मारलेली. करप्याचे पिवळे-तपकिरी पट्टे नाहीत. केळफूल क्वचित, घड त्याहून क्वचित. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या प्रत्येक दाव्याची कसोटी हाच आहे. ज्याने ही नक्षी आखली त्याने केळ कुठे पाहिली असेल? वाऱ्याच्या शेतात, की निवाऱ्याच्या जागेत?

पहिला दावा: हे पान आपलंच

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात लग्नाचा मांडव पडला की दाराशी केळीचे खांब उभे राहतात. सत्यनारायणाच्या चौरंगाला चारही कोपऱ्यांवर केळ बांधली जाते. बंगालमध्ये दुर्गापूजेत केळीच्या रोपट्याला साडी नेसवून गणपतीशेजारी बसवतात. उत्तर भारतात गुरुवारी केळीची पूजा होते. म्हणजे सजावटीसाठी केळ वापरणं ही आपल्याकडची फार जुनी आणि जिवंत रीत आहे, याबद्दल वाद नाही.

चित्रांतही केळ जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत ती दिसते. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांत तर राधा-कृष्णाच्या कुंजामागे केळीची फिकट हिरवी पानं हमखास असतात. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची वर्णनं लिहिली, त्यांत आंब्यानंतर केळीला बरीच जागा दिली आणि केळफुलाची तुलना मेंढीच्या काळजाशी केली.

बऱ्हाणपूरपुरता हा दावा आणखी मोहक होतो. 1601 मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्यानंतर हे शहर दख्खनच्या सुभ्याचं मोठं ठाणं बनलं. अब्दुर्रहीम खानखानान इथे राहिला. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल इथेच वारली. सतराव्या शतकात इथून गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने नोंदवलं आहे की बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं. त्या कापडावर फुलांची रंगीत नक्षी असे, सोन्या-चांदीची तार असे. पुढे युरोपात भारतीय छिटाचं इतकं वेड पसरलं की फ्रान्सने 1686 मध्ये आणि इंग्लंडने 1701 व 1721 मध्ये त्यावर बंदी घातली. युरोपातल्या भिंतीच्या कागदांवर या छिटांचा प्रभाव पडला, हेही खरं. मग बऱ्हाणपूरच्या कापडावरून केळीचं पान लंडनच्या कागदावर आणि तिथून अमेरिकेच्या बारमध्ये गेलं, असं म्हणायला काय हरकत आहे?

हरकत नक्षीचीच आहे. मोगल काळच्या छापील-चितारलेल्या कापडावर खसखशीसारखी फुलझाडं असतात, एकेक झाड सुटं, भोवती मोकळी जागा. किनारपट्टीवरून युरोपात गेलेल्या पलंगपोसांवर एक वळणदार वृक्ष आणि त्याला फुटलेली नाना जातींची फुलं असतात. बारच्या भिंतीवर पान एकटं राज्य करतं. फूल नाही, मोकळी जागा नाही, एक पान दुसऱ्यावर चढलेलं. या दोन मांडण्यांच्या मधली साखळी दाखवता येत नाही. मांडवातल्या केळीचा अर्थही वेगळा आहे. तिथे केळ मुळासकट, घडासकट उभी करतात, कारण ती वंशवेल वाढण्याचं चिन्ह आहे: एक झाड घड देऊन संपतं आणि बुंध्याशी पिल्लं उभी असतात. बारमधल्या पानाला हा अर्थ नाही. म्हणून ‘आपलंच’ हा दावा केळीपुरता खरा, भिंतीवरच्या नक्षीपुरता नाही.

दुसरा दावा: चीन आणि ब्रायटनचा महाल

केळीच्या पानाला स्वतंत्र नक्षी म्हणून सगळ्यांत पक्कं स्थान दिलं ते चीनने. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांवर गळ्याभोवती उभ्या, टोकदार पानांची ओळ असते. जाणकार तिला केळीच्या पानांचा पट्टा म्हणूनच ओळखतात. तांग काळातला भिक्षू ह्वाइसू याच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की कागद परवडेना म्हणून त्याने केळीच्या पानांवर सुलेखनाचा सराव केला. चिनी बागेत खिडकीबाहेर केळ लावत, पावसाचा आवाज ऐकू यावा म्हणून. ही भांडी आणि हाताने रंगवलेले चिनी कागद अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत शिरले.

त्यातून एक विलक्षण वास्तू उभी राहिली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला राजपुत्र जॉर्जसाठी जॉन नॅश या वास्तुकाराने 1815 ते 1822 दरम्यान रॉयल पॅव्हिलियन हा महाल घडवला. बाहेरून घुमट-मिनार हिंदुस्थानी थाटाचे, आतून सगळा चिनी थाट. तिथल्या मेजवानीच्या दालनात वर बघितलं की घुमटभर केळीची अजस्र पानं दिसतात. त्या पानांखाली चंदेरी ड्रॅगन आणि त्याच्या पंजांतून लोंबणारं प्रचंड झुंबर. खाणं-पिणं चाललं आहे आणि डोक्यावर परदेशी पानांचं छत आहे, ही कल्पना इथे पूर्ण रूपात दिसते, तीही अमेरिकन बारच्या शंभराहून अधिक वर्षं आधी.

म्हणून ब्रायटनला या नक्षीचं आजोळ म्हणता येईल. पण थेट वंशावळ जुळत नाही. एका राजाची ही हौस होती. तिची नक्कल दुकानांत, उपाहारगृहांत झाली नाही. ब्रायटन आपल्याला एक गोष्ट मात्र शिकवतं: केळ न पिकणाऱ्या थंड देशात, केळीचं पान चैनीचं प्रतीक म्हणून आधीच तयार होतं.

तिसरा दावा: काचघर

थंड देशात केळ जगते ती काचेखाली. कार्ल लिनिअसने नेदरलँड्समध्ये हार्टेकाम्प इथल्या जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या काचघरात 1736 मध्ये केळीला फुलं आणली आणि त्या एका झाडावर पुस्तक लिहिलं. पुढे इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या माळ्याने, जोसेफ पॅक्सटनने, 1830 च्या दशकात मॉरिशसकडून आलेलं एक बुटकं वाण काचघरात वाढवलं आणि आपल्या मालकाच्या घराण्यावरून त्याला कॅव्हेंडिश हे नाव मिळालं. आपल्याकडची बसराई काय आणि आज ठिबकवर सर्वत्र लावली जाणारी ग्रँड नैन काय, ही सगळी त्याच कॅव्हेंडिश गटातली वाणं. 1848 मध्ये लंडनजवळच्या क्यू बागेत पाम हाऊस उभं राहिलं. त्या हौसेतून हॉटेलांमध्ये ‘पाम कोर्ट’ आले: काचेचं छत, कुंड्यांतली झाडं, चहा आणि वाद्यवृंद.

माझ्या मते या दाव्याला द्यावं तितकं श्रेय आजवर दिलं गेलेलं नाही. भिंतीवरच्या पानाची अखंडता इथे उलगडते. काचघरात वारा नसतो. तिथली केळ फाटत नाही. तिची पानं छतापर्यंत सरळ, गुळगुळीत वाढतात. शहरातल्या माणसाने पाहिलेली पहिली केळ ही अशी होती, आणि चित्रकाराच्या डोळ्यांत बसलेलं ‘सुंदर’ पान तिथून आलं असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र पाम कोर्टात झाडं कुंड्यांत उभी असत. भिंत पानांनी मढवायची, हा पुढचा टप्पा अजून यायचा होता.

चौथा दावा: दक्षिण समुद्राची बेटं

सगळ्यांत लोकप्रिय उत्तर हेच. अमेरिकेतली दारूबंदी 1933 च्या डिसेंबरात उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसाने हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर हा बार काढला. बांबू, दोर, मासेमारीचे काचेचे गोळे, रमची पेयं. ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनने 1934 मध्ये छोटं खानपानगृह सुरू केलं, तेच पुढे ट्रेडर व्हिक्स झालं. या बारना टिकी बार म्हणतात. पुढे वाळवून फुगवलेल्या फुग्या माशाचे दिवे, लाकडी देवमूर्ती, गवती छप्पर अशी त्यांची सामग्री ठरून गेली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढून आलेले सैनिक, 1947 मधलं जेम्स मिचनरचं पुस्तक आणि त्यावरचं 1949 मधलं संगीत नाटक, 1959 मध्ये हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा, या सगळ्यांनी ती लाट फुगवली.

टिकी बारच्या कल्पनेतली बेटं बरीचशी कॅलिफोर्नियातच घडली. रम कॅरिबियनची, मूर्ती पॉलिनेशियाच्या नावाची, जेवण चिनी वळणाचं. तरी आपल्या प्रश्नापुरतं बघायचं तर टिकी बारचा जीव वस्तूंमध्ये होता: लाकूड, बांबू, चटई, दोरखंड. भिंत झाकायला त्यांनी कागद वापरला नाही, बांबूची चटई वापरली. केळीच्या पानांचा कागद आणि टिकीची मूर्ती आज एकाच खोलीत दिसतात म्हणून दोघांचा जन्म एक, असं मानणं चूक आहे. ते एकाच शहराच्या आसपास, एकाच काळात वाढलेले शेजारी आहेत.

पाचवा दावा: कॅरिबियन आणि ब्राझील

केळ अमेरिका खंडात आली ती 1516 मध्ये. तोमास दे बेर्लांगा या पाद्र्याने कॅनरी बेटांवरून ती हिस्पानिओला बेटावर नेली असं मानलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे केळीचा अवाढव्य धंदा उभा राहिला. 1899 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली आणि ग्वातेमाला, होंडुरास, कोस्टा रिका, कोलंबिया इथल्या जमिनी, रेल्वे आणि सरकारं तिच्या मुठीत गेली. 1928 च्या डिसेंबरात कोलंबियातल्या सिएनागा गावी संपावरच्या केळीमजुरांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. 1954 मध्ये ग्वातेमालातलं निवडून आलेलं सरकार अमेरिकेच्या मदतीने पाडलं गेलं. त्याने कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला घेतली होती.

याच काळात अमेरिकी मनोरंजनात केळ नाचू लागली. जोसेफिन बेकरने 1926 मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर केळ्यांचा घागरा नेसला होता. 1943 च्या ‘द गँग्ज ऑल हिअर’ या चित्रपटात कारमेन मिरांडा या ब्राझिलियन गायिकेभोवती नर्तिका माणसाहून उंच केळी हलवत नाचल्या. 1944 मध्ये युनायटेड फ्रूटने मिस चिकिता हे केळीचं बोलकं चित्र जाहिरातीत आणलं. लॅटिन अमेरिका म्हणजे हसरी, रंगीत, आपल्या सेवेला तयार, ही प्रतिमा त्या वर्षांत पक्की झाली.

काळ तंतोतंत जुळतो, आणि पुढे येणारं नावही कॅरिबियनचं आहे. म्हणून हा दावा आधीच्या सगळ्यांपेक्षा सत्याच्या जवळ जातो. पण कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी आपल्या घरांच्या भिंतींवर अशी नक्षी काढली आणि तिथून ती उचलली गेली, याला आधार नाही. बेटांचं फक्त नाव आलं.

कागदोपत्री जन्म

नक्षी म्हणून हे पान जिथे पहिल्यांदा ठामपणे सापडतं ते ठिकाण लॉस एंजेलिस. सी. डब्ल्यू. स्टॉकवेल ही तिथली 1905 पासूनची भिंतकागदाची कंपनी. कंपनी चालवणाऱ्या दांपत्याने उष्ण प्रदेशातली सहल करून आल्यावर तिथल्या हिरवाईचा भास देणारा कागद हवा म्हणून चित्रकार अल्बर्ट स्टॉकडेल याच्याकडून तो काढून घेतला. 1942 मध्ये तो ‘मार्टिनिक’ या नावाने बाजारात आला. बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या नूतनीकरणात सजावटकार डॉन लोपर याने तो वापरला. पॉल विल्यम्स या वास्तुकाराने त्या हॉटेलचा नवा भाग 1949 मध्ये पुरा केला, आणि तिथल्या बोळांतून हे पान जगाला दिसलं. हॉलिवूडचे तारे जिथे उतरत, त्या हॉटेलचं ते ओळखचिन्ह बनलं.

याला एक प्रतिस्पर्धी आहे. डोरोथी ड्रेपर या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध सजावटकार बाईंच्या नावावर ‘ब्राझिलियन्स’ नावाचा असाच कागद आहे. त्यात केळीच्या पानांबरोबर समुद्रद्राक्षाची गोल पानंही आहेत. कोणता आधीचा, यावर दोन्ही बाजूंचे चाहते हटून बसतात. आपल्या आढाव्याच्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. दोन्ही नक्षी अमेरिकेत, हॉटेलांसाठी, व्यावसायिक सजावटकारांनी, साधारण एकाच पिढीत घडवल्या. एकीला कॅरिबियन बेटाचं नाव मिळालं, दुसरीला ब्राझीलचं. म्हणजे पान एका झटक्यात दोन प्रदेशांचं झालं, आणि दोन्हीकडे कुणाला विचारलं गेलं नाही.

पुढचा प्रवास पटकन सांगता येतो. 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंडोशिन नावाचं व्हिएतनामी-फ्रेंच उपाहारगृह उघडलं आणि या पानांना फ्रेंच वसाहतीच्या आठवणींचा नवा रंग चढला. 1985 पासून दाखवल्या गेलेल्या ‘द गोल्डन गर्ल्स’ मालिकेतल्या एका शयनगृहात ती मायामीची झाली. मोबाइल कॅमेरा आल्यावर फोटोसाठी उठून दिसणारी भिंत हवी होती. केळीचं पान त्याला अगदी योग्य निघालं. तिथून ते आपल्याकडे आलं: डिजिटल छपाईमुळे स्वस्त, आणि आयात केलेल्या कल्पनेसह.

चुकीची मुळं का टिकतात

एवढे दावे आणि सगळ्यांत थोडंथोडं सत्य, असं का झालं? कारण पान आणि नक्षी यांची सरमिसळ होते. केळ हे जगातल्या सर्वांत प्रवासी पिकांपैकी एक. न्यू गिनीतल्या कुक इथल्या दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा मिळाल्या आहेत. आपल्या थाळीतली बहुतेक केळी ही दोन रानटी जातींतून किंवा त्यांच्या संकरातून, आशियातल्या शेतकऱ्यांनी निवडत निवडत आणलेली. बी नसलेलं फळ फक्त पिल्लं उपटून, दुसरीकडे लावूनच पसरतं. म्हणजे प्रत्येक केळीमागे ती हातात घेऊन चाललेला कुणीतरी माणूस आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी कवदर, म्हणजे रानकेळ, हीसुद्धा याच कुळातली. अशा झाडावर सगळ्यांचाच हक्क पोचतो, म्हणून त्याच्या चित्रावरही सगळे हक्क सांगतात.

माझा निवाडा असा आहे. झाड आशियाचं आणि शेतकऱ्यांचं. पानाला नक्षीचा मान पहिल्यांदा दिला चीनने. त्याला चैनीचा अर्थ चिकटवला युरोपच्या काचघरांनी आणि ब्रायटनसारख्या महालांनी. पण बारच्या भिंतीवरची आजची नक्षी 1940 च्या दशकातल्या अमेरिकी हॉटेल-सजावटीची आहे, आणि तिचा ‘उष्णकटिबंध’ हा केळ न पिकवणाऱ्यांनी कल्पिलेला आहे. त्या कल्पनेतून काय गळलं, ते बघितलं की हे कळतं. घड गळला, म्हणजे पीक गळलं. फाटलेली पट्टी गळली, म्हणजे वारा गळला. आणि माणूस गळला. सिएनागाच्या गोळीबाराला चौदा वर्षं झाली असताना केळीच्या बागेचं चित्र निघालं आणि त्यात राबणारं कुणी नव्हतं, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत गंभीर सत्य वाटतं.

आपल्याकडे तो माणूस अजून समोर आहे. मृगबाग असो की कांदेबाग, निसवण होईपर्यंत, म्हणजे घड बाहेर पडेपर्यंत, शेतकऱ्याचा जीव टांगणीला असतो. सीएमव्ही हा विषाणूरोग आला, ज्याला खानदेशात हरण्या म्हणतात, तर रोपं उपटून फेकावी लागतात. कापणीच्या दिवशी मजूर घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालतात, आणि केळीच्या चिकाचे काळपट डाग त्यांच्या कपड्यांवरून कधीच जात नाहीत. ज्या जिल्ह्यात हे रोज घडतं, त्या जिल्ह्यातल्या हॉटेलाच्या भिंतीवर कॅलिफोर्नियात आखलेलं, वारा न लागलेलं पान चिकटवणं मला खटकतं.

त्यावर उपाय हाताशी आहे. बऱ्हाणपुरात केळी आहेत आणि यंत्रमागही आहेत. केळीच्या खोडातून धागा काढून टोप्या, पिशव्या, चटया बनवणारे बचतगट जिल्ह्यात उभे राहिले आहेत. कापडाची नक्षी आखणारे हात या गावाला नवे नाहीत. कागदावरचं पान परत करून आपल्या बागेतलं पान आखता येईल: पट्ट्यापट्ट्यांचं, मधे जांभळं केळफूल असलेलं, फण्या मोजता येतील असा घड घेतलेलं, बुंध्याशी पिल्लं असलेलं. ते केळीच्या धाग्याच्या चटईवर छापता येईल, मागाच्या कापडावर विणता येईल. जळगाव, रावेर, बऱ्हाणपूर या पट्ट्यात नवं हॉटेल किंवा बार काढणाऱ्यांनी भिंतीसाठी पैसे मोजताना व्हिनाइलच्या गुंडाळीआधी एकदा या कारागिरांकडे जावं. आणि ग्राहकांनी, म्हणजे आपण, पुढच्या वेळी अशा भिंतीसमोर बसल्यावर मालकाला सरळ विचारावं: ही केळ कुणाच्या शेतातली?